किशोरवयीन मुलांच्या रक्तातील मेदाची तपासणी : कोणाची, केव्हा आणि कशासाठी

२०२५ सालच्या जुलै महिन्यात म्हैसूर येथील जयदेव हृदयरोग संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागासमोर पहाटेपासून रांगा लागत होत्या. शेजारच्या हासन जिल्ह्यात तरुण वयात हृदयविकाराने मृत्यू झाल्याच्या बातम्या पाठोपाठ आल्या होत्या, आणि कोणताही त्रास होत नसलेली माणसेही आपले हृदय एकदा तपासून घ्यावे म्हणून येत होती. के. आर. एस. रस्त्यावरील या संस्थेपासून हेब्बाळची औद्योगिक वसाहत फार दूर नाही. हेब्बाळमधील कित्येक घरांतही त्या दिवसांत हाच विषय होता : आपल्या मुलांना तर काही होणार नाही ना?

ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु अशा वेळी घाईने काढलेला ईसीजी या प्रश्नाचे उत्तर देत नाही. हृदयाचे ठोके त्या क्षणी कसे पडत आहेत, हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे किंवा काय, हे तो सांगतो. पंधरा वर्षांच्या मुलाची रोहिणी वयाच्या चाळिसाव्या वर्षी किती अरुंद झालेली असेल, याविषयी ईसीजीचा कागद मौन पाळतो. त्या दूरच्या धोक्याची चाहूल किशोरवयातच देऊ शकणाऱ्या ज्या थोड्या तपासण्या आहेत, त्यांपैकी एक साधी व स्वस्त तपासणी म्हणजे रक्तातील मेदाचे मोजमाप. प्रयोगशाळेत तिला ‘लिपिड प्रोफाइल’ म्हणतात. ती प्रत्येक मुलाला तातडीने आवश्यक आहे असे नाही. मात्र काही मुलांच्या बाबतीत ती टाळणे धोक्याचे आहे. ही मुले कोणती, हे ओळखण्यासाठी पुढील माहिती दिली आहे.

रोगाचा आरंभ बालपणी

हृदयविकाराचा झटका अचानक येतो, पण त्यामागचा रोग अचानक येत नाही. १९५३ साली कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या तीनशे अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या सैनिकांचे सरासरी वय अवघे बावीस वर्षे होते. तरीही त्यांच्यापैकी सुमारे तीनचतुर्थांश जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांमध्ये मेदाचे थर कमीअधिक प्रमाणात आढळले. धडधाकट म्हणून सैन्यात निवडलेल्या तरुणांची ही अवस्था पाहून वैद्यकजगताला आपला समज बदलावा लागला.

कोलेस्टेरॉल हा पदार्थ मुळात वाईट नाही. पेशींची आवरणे, संप्रेरके, पित्त या सर्वांसाठी तो लागतो व शरीर तो स्वतः तयार करते. रक्तात तो विरघळत नसल्यामुळे लहान कणांमध्ये भरून वाहून नेला जातो. त्यांपैकी एलडीएल नावाचे कण रक्तात प्रमाणाबाहेर वाढले की रोहिणीच्या भिंतीत शिरतात आणि तेथेच अडकून राहतात. किती कण अडकतील हे दोन गोष्टींवर ठरते : एलडीएलची पातळी किती आहे, आणि ती किती वर्षे तशी राहिली. पन्नाशीत आढळलेल्या वाढीव कोलेस्टेरॉलपेक्षा जन्मापासून वाढलेले कोलेस्टेरॉल म्हणूनच अधिक घातक ठरते. ते कर्ज जुने असते आणि त्यावरील व्याजही साचलेले असते.

म्हैसूर आणि पुणे येथे आढळलेले वास्तव

या विषयाचा जगाला उपयोगी पडलेला बराच अभ्यास म्हैसूर शहरातच झाला आहे. स्थानिक लोक ज्याला मिशन हॉस्पिटल म्हणतात त्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात जन्मलेल्या बालकांचे वजन व लांबी यांच्या जुन्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेल्या ५१७ स्त्रीपुरुषांचा पुढे शोध घेऊन त्यांची हृदयतपासणी करण्यात आली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांमध्ये हृदयरोगाचे प्रमाण ११ टक्के होते, तर ३.१ किलोहून अधिक वजन असलेल्यांमध्ये ते ३ टक्के होते. प्रसूतिगृहातील नोंदवहीचा उपयोग साठ वर्षांनी असा होईल, याची कल्पना ती लिहिणाऱ्या परिचारिकांना नसणार.

त्याच रुग्णालयात १९९७-९८ मध्ये गरोदर मातांची नोंद करून दुसरा अभ्यास सुरू झाला. त्या मातांच्या पोटी जन्मलेल्या मुलांची रक्तशर्करा, रक्तदाब आणि रक्तातील मेद साडेनऊ व साडेतेरा वर्षांच्या वयात मोजण्यात आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांतील माता व बालके यांचा असाच दीर्घ अभ्यास केला. पुण्याकडील नवजात बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळाचे ३.५ किलो भरले. परंतु आपले बाळ हडकुळे असूनही त्याच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. याज्ञिक यांनी स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी करून हीच गोष्ट २००४ साली जगापुढे मांडली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

पालकांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ‘आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याला कसले कोलेस्टेरॉल’ हे विधान वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ४ टक्के मुलामुलींमध्ये एकूण कोलेस्टेरॉल जास्त आढळले. ट्रायग्लिसराइड नावाचा मेद जास्त असलेली मुले १६ टक्के होती. आणि रोहिण्यांना उपकारक समजले जाणारे एचडीएल कमी असलेली मुले २८ टक्के, म्हणजे चारांत एकाहून अधिक. भारतीय मुलांचा हा विशेष नमुना आहे : कोलेस्टेरॉल फार वाढलेले नसते, पण ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी. भात, मैदा, साखर यांचा भरणा आणि हालचालीचा अभाव यांच्याशी या नमुन्याचा निकटचा संबंध आहे.

आधी घराण्याची चौकशी, मग रक्त

सर्वच मुलांचे रक्त तपासावे किंवा कसे, याबाबत जगात एकमत नाही. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०११ मध्ये नऊ ते अकरा आणि सतरा ते एकवीस या वयांत प्रत्येकाची एकदा तपासणी करावी असे सुचविले. त्याच देशातील दुसऱ्या अधिकृत कृतिदलाने २०२३ मध्ये, सरसकट तपासणीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. स्लोव्हेनिया या छोट्या देशात १९९५ पासून पाच वर्षांच्या मुलांची तपासणी होत आली आहे. भारतात कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली दिलेला सल्ला असा : पहिली मेदतपासणी वयाच्या अठराव्या वर्षी सर्वांनी करावी, आणि घराण्यात अकाली हृदयविकार असेल तर त्याहून आधी. आपल्या परिस्थितीत हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. तो पाळायचा तर प्रत्येक घराने आधी एक चौकशी करणे आवश्यक आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत.

मुलाचे वडील, चुलते, मामा, आजोबा किंवा भाऊ यांच्यापैकी कोणाला पंचावन्न वर्षांच्या आत हृदयविकाराचा झटका आला होता काय? अँजिओप्लास्टी अथवा बायपास झाली होती काय? आई, मावशी, आत्या, आजी किंवा बहीण यांना पासष्टच्या आत असे काही झाले होते काय? आईवडिलांपैकी कोणाचे एकूण कोलेस्टेरॉल २४० किंवा अधिक आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर मुलाची तपासणी अठरा वर्षांपर्यंत लांबवू नये. मुलाला स्वतःला मधुमेह, उच्च रक्तदाब, स्थूलता किंवा मूत्रपिंडाचा दीर्घ विकार असेल, अथवा तो तंबाखू वा सिगारेटच्या आहारी गेला असेल, तरीही तपासणी आवश्यक आहे.

या चौकशीतील अडचण आम्ही जाणतो. आपल्याकडे घराण्याचा इतिहास बहुधा ‘आजोबा झोपेतच गेले’, ‘शेतात चक्कर येऊन पडले’, ‘गॅस झाला होता’ अशा वाक्यांत संपतो. मृत्यूचे कारण लिहिलेला कागद सापडत नाही. गाव सोडून कारखान्याच्या कामासाठी हेब्बाळमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांत तर जाणकार वडीलधारी माणसे शेकडो किलोमीटर दूर असतात. केवळ घराण्याच्या इतिहासावर विसंबले तर धोक्यातील बरीच मुले नजरेतून निसटतात, हे अन्य देशांतही दिसून आले आहे. म्हणून पुढच्या सणाला किंवा लग्नकार्यात सारे भेटतील तेव्हा हा प्रश्न अवश्य विचारावा. चाळिशी-पन्नाशीत अकस्मात झालेला व कारण न समजलेला मृत्यू शंकास्पद समजून डॉक्टरांना सांगावा.

हेब्बाळसारख्या वसाहतीत एक सोय मात्र आहे. अनेक कारखाने व कंपन्या आपल्या कामगारांची वार्षिक आरोग्यतपासणी करतात. तो अहवाल वडील पाहतात, ‘थोडे कोलेस्टेरॉल आहे’ म्हणतात आणि कपाटात ठेवून देतात. तो कागद बाहेर काढावा. आईवडिलांचा अहवाल ही मुलाची अर्धी तपासणी झालीच असे समजावे. तसेच घरातील तरुण कर्त्या माणसाला झटका आला की सारे लक्ष त्याच्या उपचाराकडे लागते, आणि ते योग्यच आहे. परंतु तो घरी परतल्यावर त्याच्या मुलांचे व भावंडांचे रक्त तपासण्याविषयी डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. ही गोष्ट रुग्णालयाच्या धावपळीत बहुधा राहून जाते.

आनुवंशिक कोलेस्टेरॉलवृद्धी

किशोरवयातील तपासणीचा सर्वांत ठोस लाभ ज्या मुलांना होतो, ती आनुवंशिक कोलेस्टेरॉलवृद्धी असलेली मुले होत. या विकारात यकृताला रक्तातील एलडीएल पुरेसे उचलता येत नाही. जगात सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला हा दोष असतो. आईवडिलांपैकी एकात तो असेल तर प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. मूल खेळते, धावते, वर्गात पहिले येते. बाहेरून काहीही दिसत नाही. एलडीएल मात्र जन्मापासून दुप्पट असते. उपचार न मिळाल्यास अशांपैकी अनेकांना ऐन तारुण्यात किंवा चाळिशीत झटका येतो.

दोष आईवडील या दोघांकडूनही आला तर विकार अत्यंत उग्र स्वरूप धारण करतो. कोपर, गुडघे, टाचेमागील शिर किंवा बोटांचे सांधे यांवर पिवळसर गाठी येतात आणि हृदयविकाराचा झटका शाळकरी वयातही येऊ शकतो. हा उग्र प्रकार सुमारे तीन लाखांत एक, म्हणजे दुर्मीळ आहे. परंतु नात्यातील विवाहांमुळे त्याची शक्यता वाढते. कर्नाटकात मामा-भाचीचा आणि मराठी घरांत मामेबहिणीशी विवाह अजूनही होतो. अशा घरात एखाद्या मुलाच्या अंगावर पिवळट गाठी दिसल्या तर त्यांना चामखीळ समजून मलम लावत बसू नये.

उपचाराने किती फरक पडतो याचे उत्तर नेदरलँड्समधून मिळाले आहे. हा दोष असलेल्या २१४ मुलांना लहानपणीच स्टॅटिन गटातील औषध सुरू करून वीस वर्षे त्यांचा पाठपुरावा केला गेला. एकोणचाळीस वर्षांच्या वयापर्यंत त्यांच्यापैकी सुमारे १ टक्का जणांना हृदयवाहिन्यांचा विकार झाला. त्यांच्याच दोषी जनुकाच्या आईवडिलांमध्ये, ज्यांना तरुणपणी हे औषध उपलब्ध नव्हते, त्याच वयापर्यंतचे प्रमाण २६ टक्के होते. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच घरातील दोन पिढ्यांमधील हा फरक आहे.

तपासणी कशी करावी व अहवाल कसा वाचावा

पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याची सक्ती नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की जो आकडा उरतो त्याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात, आणि तो जेवणाने फारसा बदलत नाही. समजा एकूण कोलेस्टेरॉल २१२ आणि एचडीएल ४४ आहे; तर हा आकडा १६८ येतो. मुलांमध्ये तो १२० च्या आत असावा. १४५ किंवा अधिक असेल तर जास्त समजतात. येथे आकडे मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत.

अहवाल वाचताना एक चूक वारंवार होते. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर उजवीकडे जी ‘सामान्य मर्यादा’ लिहिलेली असते ती बहुतेक वेळा प्रौढांची असते. प्रौढांसाठी एकूण कोलेस्टेरॉल २०० पर्यंत ठीक मानले जाते. किशोरांसाठी १७० च्या आत ठीक, त्यापुढे सीमारेषेवर आणि २०० किंवा अधिक म्हणजे जास्त. एलडीएल ११० च्या आत असावे, १३० पासून जास्त समजावे. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांत ट्रायग्लिसराइड ९० च्या आत उत्तम, १३० किंवा अधिक म्हणजे जास्त. एचडीएल ४५ च्या वर असावे आणि ४० च्या खाली असू नये. सुटे आकडे पाहून स्वतः निर्णय घेण्याऐवजी अहवाल डॉक्टरांना दाखवावा, परंतु मुलाचे वय आवर्जून सांगावे.

वयाचा आणखी एक परिणाम लक्षात घेणे आवश्यक आहे. मूल वयात येत असताना, साधारण बारा ते सोळा या काळात, कोलेस्टेरॉल आपोआप दहा ते वीस टक्क्यांनी उतरते व नंतर पुन्हा चढते. म्हणून चौदाव्या वर्षीचा चांगला अहवाल हा कायमचा दाखला नव्हे. धोका असलेल्या घरातील मुलाची तपासणी सतरा-अठराव्या वर्षी पुन्हा करावी. उलट, त्या वयातही आकडा जास्त आला तर तो अधिक गांभीर्याने घ्यावा. ताप किंवा अन्य आजार होऊन गेल्यास तीन आठवडे थांबावे, कारण आजारपणात हे आकडे खरे येत नाहीत. पहिला आकडा वाढलेला आला तरी त्याच दिवशी मुलावर शिक्का मारू नये. दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या अंतराने, उपाशीपोटी, दोनदा तपासणी करून त्यांची सरासरी विचारात घेतात. थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचा विकार, स्टेरॉइड औषधे किंवा मुरमांसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या यांमुळेही मेद वाढतो. मुलगा कोणती औषधे घेतो ते सांगावे. व्यायामशाळेतून आणलेली पावडर व इंजेक्शनेही यात आली, आणि मुले ती घरी सांगत नाहीत.

पुढे काय करावे

बहुसंख्य मुलांना औषध लागत नाही. त्यांना आहार व हालचाल यांत बदल करून सुमारे सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. म्हैसूरच्या घरात हा बदल अवघड नाही. नाचणीचा मुद्दा, अवरेकाळू, हुरुळी, भाज्यांची हुळी ही येथील जुनी अन्ने आणि आपली भाकरी-उसळ दोन्ही योग्यच आहेत. ताट बिघडते ते त्याभोवती जमलेल्या पदार्थांमुळे : बेकरीतील पफ व खारी, शिकवणीवरून येताना घेतलेली भजी, गोड पेये, आणि प्रत्येक आनंदाच्या प्रसंगी वनस्पती तुपातला म्हैसूरपाक. तळलेले तेल पुन्हा पुन्हा वापरू नये. स्वयंपाकाचे तेल दरमहा माणशी अर्धा ते पाऊण लिटरपेक्षा जास्त लागत असेल तर ते कमी करावे. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या मुलासाठी मात्र तेलाहूनही साखर व मैदा कमी करणे महत्त्वाचे आहे. रोज एक तास दम लागेल असा खेळ किंवा चालणे व्हावे. दहावीच्या वर्षात खेळ बंद करण्याची प्रथा आरोग्याच्या दृष्टीने चुकीची आहे. मुलासाठी वेगळे पथ्याचे ताट वाढल्यास ते फार दिवस चालत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. बदल साऱ्या घराने करावा.

आहार सांभाळूनही एलडीएल १९० किंवा अधिक राहिले, अथवा घराण्यात अकाली हृदयविकार असून ते १६० किंवा अधिक राहिले, तर साधारण दहाव्या वर्षानंतर डॉक्टर औषधाचा विचार करतात. या गोळ्यांना अनेक ठिकाणी ‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्या’ म्हणतात. ते चूक आहे. त्या रक्त पातळ करीत नाहीत, यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करतात. त्या मनाने सुरू करू नयेत आणि अहवाल चांगला आला म्हणून मनाने बंदही करू नयेत. मुलींच्या बाबतीत पुढे गर्भधारणेचा विचार असेल तेव्हा डॉक्टरांना आधी कळवावे, कारण त्या काळात ही औषधे सामान्यतः थांबवितात. मुलीचे लग्न जुळणार नाही या भीतीने तिची तपासणीच न करणारे पालक आढळतात. मुलाचे रक्त तपासायचे आणि त्याच घरातील मुलीचे नाही, असा भेद रोग करीत नाही.

शाळांमधून होणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत रक्तातील मेद मोजला जात नाही, आणि आरोग्य केंद्रांवरील रक्तदाब-मधुमेहाची नियमित तपासणी तीस वर्षांपुढील व्यक्तींसाठी आहे. त्यामुळे किशोरवयीन मुलासाठी पालकांना स्वतः पुढाकार घ्यावा लागतो. नजीकच्या आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी किंवा किशोरांसाठीचे केंद्र (कर्नाटकात ‘स्नेहा’, महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने ओळखले जाणारे) येथे विचारणा करावी. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगारांच्या आश्रित मुलांनाही त्या योजनेच्या दवाखान्यात दाखविता येते. जाताना आईवडिलांचे जुने अहवाल, घरातील हृदयरुग्णांची नावे व झटक्याच्या वेळची त्यांची वये लिहिलेला कागद आणि मिळाल्यास मुलाच्या जन्मवजनाची नोंद सोबत न्यावी.

खेळताना छातीत दुखणे, धावताना शुद्ध हरपणे, किंवा विनाकारण धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे असतील तर मेदतपासणीच्या दिवसाची वाट पाहू नये. अशा मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. तो बेशुद्ध पडला असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.